चार जस्त, चार लिगँड आणि एक ओलावलेली बाटली

लातूरमधल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र संशोधन केंद्रातलं हे प्रकरण. पात्रं तीनच: पीएच.डी.च्या सुरुवातीच्या टप्प्यातली विद्यार्थिनी, तिच्या मार्गदर्शक मॅडम आणि शेजारच्या विश्लेषण प्रयोगशाळेत बसणारा मी. काम होतं जस्ताची २×२ ग्रिड, म्हणजे धातू आणि रेणूंची चौकोनी जाळी, बनवण्याचं. कागदावर बघितलं तर एका दुपारचं काम. लिगँड (धातूला धरून ठेवणारा रेणू) घ्यायचा, जस्ताचा क्षार घ्यायचा, ॲसिटोनायट्राइल या द्रावकामध्ये एकास एक मिसळायचं आणि ढवळत ठेवायचं. बाकीची जुळणी रेणू आपली आपण करतात, असं सगळे शोधनिबंध सांगतात. इथे मात्र पावसाळा सरत आला तरी जुळणी होईना. एकदा तर ती झाल्यासारखी दिसली आणि झालेली नव्हती.

ग्रिडचा आकार आधी डोळ्यांसमोर आणू. फुली-गोळा खेळताना आपण दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा मारतो. त्या रेघा म्हणजे चार लिगँड आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात ते चार बिंदू म्हणजे धातूचे चार आयन. दोन लिगँड धातूंच्या प्रतलाच्या वर, दोन खाली. एकमेकांत विणलेले मात्र नसतात. प्रत्येक लिगँडला दोन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात धातूला धरायला तीन नायट्रोजन. जस्ताला, कोबाल्टला किंवा लोहाला अष्टफलकी मांडणीत सहा नायट्रोजन लागतात. तीन एका लिगँडकडून, तीन दुसऱ्याकडून, आणि हे दोन लिगँड एकमेकांना काटकोनात. लिगँड ताठ आणि सरळ असल्यामुळे दोन लिगँड एकमेकांना एकाच ठिकाणी छेदू शकतात. म्हणजे दोन धातू आणि दोन लिगँड घेऊन बंदिस्त आकृती होतच नाही. एकही कप्पा रिकामा न ठेवता, एकास एक प्रमाणात बंद होणारी सगळ्यात लहान आकृती चाराची. एन्ट्रॉपीला (सुट्या कणांची संख्या जास्त ठेवण्याच्या निसर्गाच्या कलाला) लहान आकृत्या जास्त आवडतात, म्हणून अखंड साखळी लांबत न जाता चारावरच गाठ बसते.

हा विषय गेल्या तीसेक वर्षांतला. तांब्याची पहिली २×२ ग्रिड १९९२ साली स्ट्रासबर्गमधून आली. त्यात पिरिडॅझिनचा लिगँड होता आणि तांबं एकभारित. १९९४ मध्ये तिथल्याच ज्याँ-मारी लेन यांच्या गटाने चांदीचे नऊ आयन आणि सहा लिगँड जोडून ३×३ ग्रिड केली. लेन यांना १९८७ चं नोबेल क्रॅम आणि पेडरसन यांच्यासोबत मिळालं होतं ते सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राच्या पायाभरणीसाठी, ग्रिड नंतर आल्या. १९९७ मध्ये कोबाल्टची, पिरिमिडीनवर बांधलेली २×२ ग्रिड आली आणि २००० मध्ये लोहाची. या लोहाच्या ग्रिडमध्ये तापमान, दाब किंवा प्रकाश बदलला की इलेक्ट्रॉनांची स्पिन-स्थिती, म्हणजे धातूचं चुंबकत्व, बदलते. लोकांचे डोळे चमकले ते इथे: चार धातू, प्रत्येकाची स्थिती बदलता येते, म्हणजे रेणूएवढी स्मृती! माझं मत विचाराल तर त्या स्मृतीचं दुकान अजून उघडलेलं नाही, आणि प्रकल्पाच्या अर्जात ते वाक्य आता कमी वेळा लिहिलं तरी चालेल. चार चुंबकी केंद्रं ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या कोनात बसवून त्यांचा एकमेकांशी संवाद मोजता येतो, एवढंही कारण पुरेसं आहे.

मॅडमनी निवडलेला लिगँड परवडणारा होता. ४,६-डायक्लोरोपिरिमिडीनवर हायड्रॅझिन हायड्रेटची क्रिया करायची, मग पिरिडीन-२-कार्बाल्डिहाइडचे दोन भाग घालून दुहेरी हायड्रॅझोन करायचं. मिथिल हायड्रॅझिन वापरलं असतं तर लिगँड जास्त आज्ञाधारक झाला असता, कारण मग नायट्रोजनवरचा आम्लधर्मी हायड्रोजन (एन-एच) उरत नाही. पण ते उपग्रहांच्या इंजिनात जाणारं इंधन. विषारी, बाष्पशील आणि आमच्यासारख्या ठिकाणी मिळवणंही अवघड. साध्या एनएच-लिगँडचा एक फायदाही आहे. धातू धरल्यावर तो एन-एच आणखी आम्लधर्मी होतो, थोडं ट्रायइथिलअमीन (आम्लारी) घातलं की प्रोटॉन सोडतो आणि द्रावणाचा रंग गडद होतो. आम्ल घातलं की परत फिरतो. पुढे हाच प्रयोग करायचा होता.

जस्त निवडण्यामागे कारण होतं. ते प्रतिचुंबकी आहे, म्हणजे एनएमआर (रेणूतल्या वेगवेगळ्या हायड्रोजनांच्या खुणा दाखवणारा स्पेक्ट्रम) स्वच्छ मिळतो, आणि त्याचे बंध झटपट तुटतात-जुळतात. चुकीची जोडणी झाली तरी ती सुटून दुरुस्त होते. क्षार घेतला झिंक ट्रायफ्लेट, कारण त्यातला ऋणभारित ट्रायफ्लेट धातूला फारसा चिकटत नाही. त्याआधी हाताशी होतं म्हणून झिंक क्लोराइड वापरून पाहिलं होतं, पण क्लोराइड स्वतःच जस्तावर जागा धरून बसतं आणि ग्रिड होण्याआधीच साका खाली बसतो. ते लगेच सोडून दिलं.

पहिली खूण: पसरट रेषा

या लिगँडमध्ये १४ हायड्रोजन आहेत, पण दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे एनएमआरमध्ये आठच खुणा दिसायला हव्यात: पिरिडीनच्या चार, हायड्रॅझोनच्या सीएचची एक, एनएचची एक आणि पिरिमिडीनच्या दोन. ग्रिडमध्ये चारही लिगँड एकसारखे असतात, म्हणून तिथेही आठच. बाहेरून आलेल्या स्पेक्ट्रममध्ये मात्र आठ खुणांच्या जागी टेकड्या होत्या. पसरट, एकमेकींत मिसळलेल्या, मधे मधे टोकदार शेंडे.

पहिला संशय लिगँडवर आला, आणि तो रास्तच होता. एका बाजूचंच हायड्रॅझोन झालेला अर्धवट रेणू मिसळला असेल तर असंच दिसतं. लिगँड पुन्हा स्फटिकवून घेतला, डीएमएसओ या द्रावकात त्याचा एनएमआर काढला. आठ खुणा, स्वच्छ. दुसरा संशय वेळेवर आणि तापमानावर. द्रावण गरम करून रात्रभर ढवळलं. गरम असताना ते पारदर्शक असे, थंड झाल्यावर किंचित गढूळ. हा गढूळपणा वहीत नोंदवला होता, पण ‘विद्राव्यता कमी’ असा शेरा मारून पुढे गेलेले. खरं तर अर्धं उत्तर तिथेच होतं. मोकळा लिगँड ॲसिटोनायट्राइलमध्ये जेमतेम विरघळतो. धातूने पकडला की सहज विरघळतो. थंड झाल्यावर काहीतरी बाहेर पडतंय याचा अर्थ धातू न मिळालेला लिगँड शिल्लक आहे.

दुसरी खूण: जास्तच स्वच्छ स्पेक्ट्रम

मग विद्यार्थिनीने जे केलं ते कुणीही करेल. कमी पडतंय तर वाढवू. ट्रायफ्लेट खुल्या हाताने, दुपटीच्याही वर घातलं. गढूळपणा गेला. एनएमआरमध्ये आठ टोकदार खुणा आल्या. वस्तुमान स्पेक्ट्रममध्ये (त्यात आयनाचं वस्तुमान भागिले धनभार दिसतो) ५३१ ला मोठा शेंडा आला. जस्त, लिगँड आणि ट्रायफ्लेट यांची बेरीज बरोब्बर तेवढीच होते. आणि चार जस्त, चार लिगँड, चार ट्रायफ्लेट मिळून चार धनभार धरले तर भागाकारही तोच, ५३१. ती धावतच माझ्या खोलीत आली.

“सर, ग्रिड झाली! चार धन, ५३१.”

“शेंड्यांच्या मधलं अंतर बघितलंस?”

“म्हणजे?”

“एकेका आयसोटोपच्या शेंड्यातलं. चार धन असेल तर पाव-पाव युनिटवर शेंडे हवेत.”

तिच्याकडे फक्त पूर्ण स्पेक्ट्रमचं चित्र आलं होतं. ५३१ च्या आसपासचा भाग मोठा करून कुणी पाठवलाच नव्हता. तो मागवला. जस्ताचे मुख्य आयसोटोप (वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) ६४, ६६, ६७, ६८ असे असतात, त्यामुळे त्याचा ठसा ओळखू येतो. आलेल्या चित्रात ५३१, ५३३, ५३५ असे मोठे शेंडे होते, मधे लहान, आणि सगळे पूर्ण एकेका युनिटवर. म्हणजे धनभार एक. एक जस्त, एक लिगँड, एक ट्रायफ्लेट, बस्स. अर्धं युनिट असतं तर दोनाची जोडी म्हणता आलं असतं, पाव असतं तर ग्रिड. वस्तुमान आणि धनभार यांचं गुणोत्तर तिन्हींना एकच येतं. म्हणून ग्रिडच्या बाबतीत ५३१ हा आकडा स्वतः काहीच सिद्ध करत नाही. लिगँडच्या कुठल्याही एकास एक कॉम्प्लेक्ससाठी (धातू-लिगँड जोडणीसाठी) हे खरं आहे, आणि असे दावे वाचताना मी आता पहिल्यांदा आयसोटोपचं विस्तारित चित्र शोधतो. शिवाय वस्तुमान मोजताना द्रावणाच्या फवाऱ्यातून वायूत जाताना खरीखुरी ग्रिडही तुटू शकते, म्हणजे एकभारित शेंडा दिसला म्हणून ग्रिड नाही असंही त्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंनी सावध राहावं लागतं.

निकाल एनएमआरनेच दिला. स्पेक्ट्रम स्वच्छ होता हे खरं, पण पिरिडीनच्या नायट्रोजनशेजारचा हायड्रोजन ८.६ पीपीएमच्या (एनएमआरच्या पट्टीवरचं एकक) आसपास, म्हणजे मोकळ्या लिगँडमध्ये असतो साधारण तिथेच होता. ग्रिडमध्ये हा हायड्रोजन काटकोनातल्या दुसऱ्या लिगँडच्या वलयासमोर येतो. त्या वलयातल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहामुळे तो झाकला जातो आणि त्याची खूण ८ च्या खाली सरकते. ती सरकली नव्हती, म्हणजे समोर दुसरा लिगँड नव्हताच. घडलं असं: चार लिगँडांचे मिळून आठ कप्पे असतात आणि ग्रिडमध्ये एकेक जस्त दोन कप्पे धरतं, म्हणून चार जस्तं पुरतात. जस्त दुपटीवर गेलं की प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र जस्त मिळतं, उरलेल्या तीन जागा द्रावक, पाणी किंवा ट्रायफ्लेट भरून काढतात, आणि लिगँडांना एकमेकांची गरजच उरत नाही. समान, सममित, आठ खुणांचं, विरघळणारं आणि ग्रिड नसलेलं कॉम्प्लेक्स.

आता दोन टोकं हाती होती. एकास एक घेतलं तर धातू कमी पडतोय, खूप घातलं तर ग्रिड मोडतेय. पण एकास एक घेतल्यावर धातू कमी पडावाच का? वजनं नीट होती, काटा नुकताच तपासून घेतलेला. उरली बाटली.

साठ्याच्या नोंदवहीत ती उन्हाळ्यात आल्याची आणि जूनच्या सुरुवातीला पहिल्यांदा उघडल्याची नोंद होती. पूर्ण पावसाळा ती साध्या कपाटात राहिली, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) नाही. झिंक ट्रायफ्लेट हवेतलं पाणी ओढतं. मराठवाड्यात आपण पावसाची वाट बघतो खरी, पण कोरड्या पावसाळ्यातही हवेतला दमटपणा बाटलीला पुरून उरतो. आत खडे झाले होते. बाटलीवर निर्जल क्षाराचं रेणुभार ३६३.५ छापलेलं, आणि वजनाचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर.

ब्युरेटवरचा आकडा

खडे बघून अंदाज येतो, आकडा येत नाही. आकडा काढायला जस्त मोजावं लागतं, आणि त्याला एनएमआर लागत नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या या गावात बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजणं हे आमच्या प्रयोगशाळेचं रोजचं काम. त्यासाठी वापरतात त्याच ईडीटीएने, म्हणजे धातूला धरणाऱ्या रसायनाने, जस्तही मोजतात. जस्त आणि ईडीटीए एकास एक धरतात, ०.०१ मोलर द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे ०.६५४ मिलिग्रॅम जस्त. जडपणाच्या हिशोबात तोच एक मिलिलिटर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला बसतो, एवढाच फरक.

बाटलीतला क्षार ३६३.५ मिलिग्रॅम तोलून १०० मिलिलिटर केला. त्यातले १० मिलिलिटर शंकूपात्रात, पीएच १० चं अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक, आणि ब्युरेटमधून ईडीटीए. द्रावण रेड वाइनसारखं लाल होतं आणि शेवटच्या थेंबाला निळं पडतं. क्षार निर्जल असता तर ब्युरेट १० वर थांबलं असतं. ते ८.७ वर थांबलं, पुन्हा केलं तरी तिथेच.

इथे एक गोष्ट सांगायची राहू नये. टायट्रेशनच्या आधी कोरी चाचणी घेतली: फक्त डिस्टिल्ड पाणी, बफर आणि एरिओक्रोम. ते लगेच निळं दिसायला हवं. आमच्याकडच्या एका कॅनमधलं पाणी लाल झालं. म्हणजे डिस्टिल्ड लिहिलेल्या पाण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम होतं. ते वापरलं असतं तर जस्त जास्त मोजलं गेलं असतं आणि बाटली निर्दोष सुटली असती. कॅन बदलला.

८.७ चा अर्थ लावू. एका झिंक ट्रायफ्लेटला पाण्याचे तीन रेणू चिकटले तर रेणुभार ४१७.५ होतो, आणि ३६३.५ भागिले ४१७.५ म्हणजे ०.८७. प्रत्येक जस्तामागे नेमके तीनच रेणू होते असा माझा दावा नाही, सरासरी तेवढं पाणी होतं एवढंच. चार लिगँडांना चार जस्त देतोय असं समजून आपण साडेतीन देत होतो. बाकीचं पाण्याचं वजन. आणि ग्रिड ही गोष्ट साडेतीनवर उभी राहत नाही. जेवढं जस्त आहे तेवढ्यापुरत्या ग्रिड होतात, उरलेले लिगँड अर्धवट कॉम्प्लेक्स करतात, आणि जस्त झपाट्याने एकीकडून दुसरीकडे जात असल्यामुळे एनएमआरच्या खुणा एकमेकींत वितळतात. पहिल्या स्पेक्ट्रममधल्या टेकड्या त्या ह्याच.

कुणी म्हणेल, क्षार वाळवून का घेतला नाही? वाळवता येतो, निर्वात करून तापवून. पण आमच्याकडच्या निर्वात पंपावर आणि खंडित होणाऱ्या विजेवर विसंबून ‘पूर्ण वाळला’ असं म्हणण्यापेक्षा आहे तसा मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मोजलेला ओला क्षार न मोजलेल्या कोरड्या क्षारापेक्षा बरा. ॲसिटोनायट्राइलमध्ये थोडं पाणी गेल्याने ही ग्रिड मोडत नाही. तीन नायट्रोजनांच्या कप्प्यापुढे पाण्याच्या रेणूचं काही चालत नाही. मोडते ती प्रमाण चुकल्यावर.

पुढचं काम सरळ झालं. मोजलेल्या जस्ताचं साठ्याचं द्रावण केलं आणि लिगँडच्या निलंबनात ते थोडं थोडं घालत गेलो. एकास एकच्या जवळ आल्यावर पात्र स्वच्छ झालं आणि थंड झाल्यावरही तसंच राहिलं. यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर प्रकाशाच्या शोषणाचा आलेख एकास एकला वाकला. हा आलेख प्रमाण सांगतो, संख्या सांगत नाही. साखळी असो, त्रिकोण असो, ग्रिड असो, प्रमाण एकच. संख्येसाठी पुन्हा एनएमआर आणि वस्तुमान. या वेळी आठ खुणा, पिरिडीनचा तो हायड्रोजन ८ च्या खाली, आणि ५३१ च्या जागी पाव-पाव युनिटवर दाट उभ्या शेंड्यांचा पुंजका. थोडे एकभारित तुकडेही होते, वायूत तुटलेले.

स्फटिकांनी मात्र आणखी वेळ खाल्ला. शोधनिबंधात लिहिलेलं असतं, ‘ॲसिटोनायट्राइलच्या द्रावणात इथरची वाफ हळूहळू शिरू द्यावी.’ डायइथिल इथर ३४.६ अंशाला उकळतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या प्रयोगशाळेचं तापमानच त्याच्या वर असतं. वाफ हळूहळू कुठली शिरते. इथर सरळ उडी मारतो आणि स्फटिकांऐवजी पीठ खाली बसतं. ६८ अंशाला उकळणारा डायआयसोप्रोपिल इथर घेतल्यावर बारीक सुया आल्या. त्याच्या जुन्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइड साठतात, म्हणून वापरण्याआधी पोटॅशियम आयोडाइडने तपासणी आणि उरलेला इथर कपाटात जपून न ठेवणं, हे दोन्ही नियम आम्ही भिंतीवर लावले आहेत.

आता लोहाची पाळी आहे. फेरस टेट्राफ्लुओरोबोरेटची बाटली सहा पाण्यांसह येते, ते आकड्यात धरलेलं असतं, पण ती उघडल्यावर आणखी पाणी ओढते, शिवाय हवेने फेरसचं (द्विभारित लोहाचं) फेरिक (त्रिभारित) होतं. पीएच १० च्या बफरमध्ये ईडीटीए इथे चालणार नाही. फेरस हायड्रॉक्साइड खाली बसेल आणि फेरिक लोह एरिओक्रोमला धरून सोडणारच नाही. म्हणून विद्यार्थिनीने १,१०-फिनँथ्रोलिनची पद्धत लावली आहे. फेरससोबत नारिंगी-लाल रंग येतो, मोजणी ५१० नॅनोमीटरवर. प्रत्येक नमुना दोनदा मोजायचा: एकदा हायड्रॉक्सिलअमीन (ते फेरिकचं परत फेरस करतं) घालून, एकदा न घालता. पहिला आकडा एकूण लोहाचा, दुसरा फेरसचा. दोहोंतला फरक म्हणजे बाटलीत आधीच फेरिक झालेलं लोह, आणि ते ग्रिडच्या हिशोबात धरायचं नाही.